शेजारच्या घराची फरशी

बदलापूर,
१२ जानेवारी २०२५

बाई,

नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल. मागच्या आठवड्यात फोनवर मी म्हटलं, "दर्शन रत्नागिरीला जाऊन आला," आणि तुम्ही भलतंच ऐकून विचारलंत, "कुणाचं लग्न झालं?" इथे सगळे हसले, मीही हसले. म्हणून म्हटलं, आपलं पत्रच बरं. तसंही फोन हॉलमध्ये, टीव्ही हॉलमध्ये आणि मीही हॉलमध्येच, त्यामुळे काय बोलायचं होतं तेच आठवत नाही.

तर दर्शन नाताळच्या सुट्टीत नाचणे गावातल्या आपल्या घरी एक दिवस जाऊन आला. तुमच्याकडे चहा प्यायला म्हणाला. घर चार पावसाळे बंद आहे. तो सांगतो की भिंतींना काही झालेलं नाही, पण हॉलमधल्या फरश्या मध्येच उचलल्या आहेत. ह्यांनी एवढ्या हौसेने त्या पांढऱ्या चकचकीत फरश्या आणल्या होत्या. वास्तुशांत झाली, पंधरा दिवस राहिलो आणि मग ह्यांचं दुखणंच सुरू झालं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

दर्शनचं म्हणणं, घर असं बंद ठेवून खराब होणार, त्यापेक्षा भाड्याने देऊ. श्रद्धालाही ते पटलं. दोघंही सकाळी सातला जातात ते रात्री येतात, त्यांना तिकडे येऊन काम करून घेणं जमणार नाही. तो म्हणाला, "आई, कमळाबाई शेजारीच आहेत, त्यांना सांगशील का?"

म्हणून सांगते. किल्ली तुमच्याकडे आहेच. फरशी कोणती घालायची ते तुम्हीच ठरवा. टिकाऊ हवी आणि दिसायलाही बरी, म्हणजे भाडेकरू चांगला मिळेल, असं दर्शन म्हणतो.

तुमची
मथुरा

—

नाचणे, रत्नागिरी,
२० जानेवारी २०२५

मथुरे,

पत्र मिळालं. कानाचं मशीन लावते, पण ते शिट्टी मारतं. लोक मोठ्याने बोलतात आणि मग कंटाळून बोलायचंच सोडतात. तेव्हा पत्रच लिही.

काल केरू मिस्त्रीला घेऊन तुझ्या घरात गेले. दार ओलीने फुगलंय, खांद्याने ढकलावं लागलं. हॉलच्या मधोमध फरश्या तंबूसारख्या वर आल्यात. केरूने काठीने ठोकून पाहिलं, तर अर्धी खोली पोकळ वाजते. म्हणाला, "बाई, खालचा भराव बसलाय. ह्याच्यावर दुसरी लावाल तर तीपण उचलंल. सगळी काडायला लागंल." म्हणजे जुनी फोडायची, भराव दाबून घ्यायचा, खाली काँक्रीट आणि मग नवी फरशी. केरू काही फार मोठा कारागीर नाही, पण निदान सांगितलेल्या दिवसाच्या आसपास येतो.

तो गेल्यावर मी खिडक्या उघडून जरा बसले. घराला चांगला वारा आहे गं. कुलूप लावून निघायला बराच वेळ लागला मला.

आता मला सांग, भाडेकरू कोण ठेवणार? त्यावर फरशी ठरेल. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या पर्यटकांना एकेक रात्रीसाठी खोल्या द्यायच्या असतील तर गोष्ट वेगळी, नांदतं कुटुंब ठेवायचं असेल तर वेगळी. एक मात्र नक्की, पांढरी नको. आपल्याकडची लाल माती पांढऱ्या फरशीवरून दिवसातून चार वेळा पुसावी लागते आणि सांध्यांत बसली की कायमची.

मी तुमच्या गावच्या शाळेत आले तेव्हा तुझ्या वडिलांची भाडेकरूच होते ना! मी येणार म्हणून तुझ्या आईने आदल्या दिवशी खोली सारवली होती. जमीन ओली असतानाच मी ट्रंक ठेवली आणि तिचा चौकोन उमटला. तू दारातून डोकावून म्हणालीस, "बाई, आता तुम्हाला ट्रंक हलवता यायची नाय." त्यावेळी तुझी सातवी होऊन शाळा सुटली होती. त्या ट्रंकेवर वही ठेवूनच तू दहावीचा अभ्यास केलास.

लवकर कळव. एप्रिल-मेला सगळे गडी आंब्याच्या बागांत असतात, माणूस मिळत नाही.

कमळा नागवेकर

—

बदलापूर,
२ फेब्रुवारी २०२५

बाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ट्रंकेचं तर मी विसरूनच गेले होते.

पर्यटक नकोत. रोज नवे लोक, रोज नवी कुलपं, तुम्हालाच त्रास होईल. घरात राहणारं माणूस हवं.

फरशीचं म्हणाल तर थोडं विचारते. सकाळी उठल्यावर पाय टेकला की अंगावर काटा येईल इतकी थंड असते का ती हल्लीची फरशी? खाली बसून भाजी निवडता आली पाहिजे. सगळ्यांनाच खुर्चीवर बसून निवडायला आवडत नाही. मागच्या खोलीत दुपारचं ऊन अजून येतं का, की पेरूचं झाड वाढून खिडकी झाकली? ऊन येत असेल तर तिथे फार गडद फरशी नको, तापेल. आणि पावसात तिला घाम सुटतो का? आमच्या गावच्या घरी आजीच्या खोलीत लाल कोबा होता, तो आषाढात ओला व्हायचा आणि ती भिंतीला धरून चालायची.

हे सगळं भाडेकरूच्या सोयीसाठी विचारते हो. कुणी वयस्कर माणूस राहायला आलं तर, म्हणून.

इथे सगळं ठीक. दर्शन-श्रद्धा कामावर आणि नात शाळेत गेली की दुपारी चारपर्यंत घरात मी एकटी असते. खालच्या मजल्यावरच्या बाई मराठी नाहीत, पण आम्ही जिन्यात एकमेकींकडे बघून मान हलवतो.

तुमची
मथुरा

—

नाचणे, रत्नागिरी,
११ फेब्रुवारी २०२५

मथुरे,

तुझ्या प्रश्नांनी मला कामाला लावलं. तीनदा कुवारबावला जाऊन आले. तिथल्या दुकानात निशिगंधा नावाची मुलगी आहे, तिने आधी मला संगमरवरासारख्या दिसणाऱ्या फरश्या दाखवल्या. इतक्या चकचकीत की त्यात माझा चेहरा दिसला, आणि तो मला काही आवडला नाही. मी म्हटलं, "तांब्याभर पाणी आण." नमुन्याच्या फरशीवर पाणी ओतलं आणि चप्पल काढून पाय ठेवला. सटकन घसरला. निशिगंधाने मला धरलं. म्हणाली, "आजी, ओल्या फरशीवर कशाला चालायचं?" मी म्हटलं, "बाळ, तू रत्नागिरीतच राहतेस ना?"

तर तुझ्या प्रश्नांची उत्तरं. थंडपणा सगळ्याच फरश्यांना असतो. कोटा म्हणजे ती हिरवट करडी लादी, ती सगळ्यांत थंड. पण आयुष्यभर टिकते, वर काही सांडलं तरी फिकीर नाही. दिसायला सरकारी ऑफिससारखी. दुसरी आहे ती व्हिट्रिफाइड, पण चकाकी नसलेली, हाताला जरा खरखरीत लागणारी. घाम तिलाही येतो, पण पाय घसरत नाही. त्यात एक रंग आहे, वाळलेल्या भाताच्या पेंढ्यासारखा. त्यावर लाल मातीचा पाय उमटला तरी पटकन दिसणार नाही. मला तीच बरी वाटली. निशिगंधाने फोटो दर्शनला पाठवले. त्याने उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. त्याचा अर्थ पसंत आहे असं ती म्हणाली.

पेरू वाढलाय, पण मागच्या खोलीत ऊन अजून येतं. दोनच्या सुमाराला निम्मी खोली भरते.

तुझं उत्तर आलं की माल उचलायला सांगते. केरू शिमग्याला गावी जाईल, त्याच्या आत फोडाफोडी तरी उरकू. लगेच लिही.

कमळा

—

बदलापूर,
२५ मार्च २०२५

बाई,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नका. मध्ये थोडं बरं नव्हतं. आता ठीक आहे.

तुम्ही सांगितलेली खरखरीतच घ्या. ओली झाली तरी पाय घसरता कामा नये, हे सगळ्यांत आधी बघा. न्हाणीघरात आणखी खरखरीत. आणि खोलीतून खोलीत जाताना उंचवटा नको, सगळं एका पातळीत. पाय उचलायचा राहून जातो कधीकधी माणसाचा.

घाई मात्र करू नका. आता आंब्याचे दिवस आलेच, पुढे पाऊस. दिवाळीनंतर केलं तरी चालेल. मला दर्शनशी एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे, ते अजून झालं नाही.

मथुरा

—

नाचणे, रत्नागिरी,
२ एप्रिल २०२५

मथुरे,

सहा आठवडे वाट पाहायला लावून चार ओळींचं पत्र, आणि तुझं अक्षर हे असं? मी शिकवलेली मुलगी अशी ओळ सोडून लिहायची नाही. टीव्ही बघत लिहिलंस की काय? बरं नव्हतं म्हणजे ताप होता का? सुंठ-गवती चहा घे आणि बसून नीट लिही.

आणि हे दिवाळीचं काय काढलंस? सगळी फरशी फोडून झाली आहे. राडारोडा अंगणात कुंपणाच्या गडग्याला लागून पडलाय. केरू शिमग्याची पालखी नाचवून परत आला, पण त्याचे दोन गडी बागेत गेले. तरी मी त्याच्या मागे लागून भराव दाबून घेतलाय. आता थांबायचं कशाला?

शिवाय एक चांगली गोष्ट घडली आहे. अजिंक्य आणि वैष्णवी नावाचं एक जोडपं आहे. तो बँकेत, ती औषधाच्या दुकानात. तिचं माहेर पालीला. लग्नाला वर्ष झालं असेल. जागा शोधत फिरत होती, फोडलेली जमीन बघूनही वैष्णवीला घर आवडलं. मग माझ्याकडे चहाला बसली. माझ्या कानाशी न ओरडता, तोंडासमोर येऊन सावकाश बोलते. त्या दिवसापासून दोनदा येऊन गेली. काल कैऱ्या घेऊन आली होती.

तुला खरं सांगू? चार वर्षं मी संध्याकाळी ओटीवर बसते आणि शेजारच्या खिडकीत काळोख बघते. दिवा लागलेला मला बघायचाय. भाडेकरूसाठी आपण पुष्कळ विचार केला. थंड लागेल का, ऊन येईल का, उंचवटा नको… भाडेकरूसाठी एवढं कोण करतं, मथुरे? जे येतील ते आपलं बघतील. मला हो म्हण, म्हणजे मी त्यांना मेच्या मध्यावर यायला सांगते.

कमळा

—

बदलापूर,
१४ एप्रिल २०२५

बाई,

तुमचं बरोबर आहे. लावून टाका.

ती दोघं चांगली दिसतात, तुम्हालाही सोबत होईल. दर्शनला विचारलं, तो हो म्हणाला. करारासाठी तो येऊन जाईल.

माझं जे बोलायचं होतं ते काही विशेष नव्हतं.

मथुरा

—

नाचणे, रत्नागिरी,
३० मे २०२५

मथुरे,

फरशी झाली, करार झाला, अजिंक्य-वैष्णवी राहायला आली. हे सगळं तुला दर्शनने सांगितलंच असेल. त्याने न सांगितलेलं लिहिते.

करारासाठी तो आला तेव्हा आधी घर बघायला गेला. चप्पल बाहेर काढून तो सगळ्या खोल्यांतून चालला. मागच्या खोलीत उभा राहिला आणि म्हणाला, "आईला आवडलं असतं हे. असं घसरायचं नाही असं." मी म्हटलं, "तिनेच निवडलीय, तिला कसं नाही आवडणार!" मग तो म्हणाला, "ती फेब्रुवारीत घरातच घसरली ना, तेव्हापासून ती फरशीकडे बघतच चालते."

मी म्हटलं, "कधी घसरली?" मला वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग त्याने सांगितलं की उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर होतं. सगळे बाहेर गेल्यावर तू पडलीस आणि राही शाळेतून येईपर्यंत तशीच बसून होतीस.

आणि मी तुला अक्षरावरून बोलले. तू ते पत्र डाव्या हाताने लिहिलं होतंस का गं?

दर्शन वाईट नाही. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाई, आई हल्ली बोलतच नाही. काही विचारलं की तुमचं तुम्ही बघा म्हणते. पूर्वी अशी नव्हती." त्याला वाटतं, पडल्यामुळे तू घाबरली आहेस.

तो गेल्यावर मी तुझी पत्रं काढली आणि एका बैठकीत सगळी वाचली. सकाळी पाय टेकला की थंड लागेल का. खाली बसून भाजी निवडता येईल का. दुपारचं ऊन. आजीसारखं भिंतीला धरून चालावं लागू नये. दिवाळीनंतर केलं तरी चालेल. मी पस्तीस वर्षं मुलांचे पेपर तपासले आणि मला हे वाचता आलं नाही.

तुला स्वतःला इथे यायचं होतं. खरं की नाही ते सांग.

खरं असेल तर माझं घर आहे. दोन खोल्या मी वापरतच नाही. माझा कोबा जुना आहे, तडे गेलेत, पण तुझ्यासाठी मी तोही बदलेन. तू ये.

कमळा

—

बदलापूर,
१९ जून २०२५

बाई,

खरं आहे.

ह्यांच्या माघारी पहिली दोन वर्षं मी तसा विचारही केला नाही. राही लहान होती. आता ती स्वतःचं स्वतः करते. शाळेतून येते, दप्तर टाकते, फोन घेते आणि दार लावून आत बसते. माझा बिछाना रात्री हॉलमध्ये पडतो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी गुंडाळला जातो, कारण श्रद्धाला डबे भरायला हॉलमधूनच जावं लागतं. कुणी मला वाईट बोलत नाही. बोलायला तेवढा वेळच कुणाकडे नाही. मी दिवसभर एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते, दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये म्हणून.

भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, फरशी होईस्तोवर मी दर्शनला सांगेन, की बाबा, मीच राहते तिथे. तुमची पत्रं यायची, त्यात फरशीचं असायचं, तेव्हा मी मनात त्या घरातून फिरायचे. मग पडले. पडलेल्या बाईने एकटी राहते म्हटलं तर कोण ऐकणार? म्हणून हात बरा होईपर्यंत थांबायचं ठरवलं. आणि मग तुमचं वैष्णवीचं पत्र आलं. तुम्ही इतक्या आनंदाने लिहिलं होतंत. मला वाटलं, तुम्हाला शेजारी ती हवी आहे. तरुण, हसरी, कैऱ्या घेऊन येणारी. मी आले असते तर माझंच तुम्हाला करावं लागलं असतं.

पत्र डाव्या हाताने नाही लिहिलं. उजव्यानेच, प्लास्टर काढल्यावर दोन दिवसांनी. पेन धरता येत नव्हतं.

तुमच्या घरी या म्हणता, तुमची माया मला कळते. पण बाई, मी लग्नाआधी बापाच्या घरी होते, मग सासरी, मग मुंबईत ह्यांच्या मोठ्या भावाकडे, आणि आता मुलाकडे. तुमच्याकडेही मी कुणाकडे तरीच असेन. ते एकच घर असं होतं की जिथे दाराची कडी मी आतून लावली होती.

वैष्णवीला यातलं काही सांगू नका. तिचा यात काही दोष नाही.

गणपतीला गावी येणार आहोत. गौरी गेल्या की दोन दिवस तुमच्याकडे येईन.

मथुरा

—

नाचणे, रत्नागिरी,
१२ सप्टेंबर २०२५

मथुरे,

तू गेल्यापासून हे पत्र लिहायला घेते आणि ठेवून देते. दोन दिवस आपण काय बोललो? भाजीचं बोललो, तुझ्या भावाच्या गुडघ्याचं बोललो, देवरूखच्या बाजारात नारळ केवढे झाले ते बोललो. जे पत्रात लिहिलं होतं त्यातलं एक अक्षर कुणी काढलं नाही. समोरासमोर मला ऐकू कमी येतं, पण तुझ्या बाबतीत तो बहाणा चालणार नाही, कारण तू काही बोललीच नाहीस.

शेजारी गेलो तेव्हाचं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वैष्णवीने "काकू, बसा ना" म्हणून सोफा दाखवला आणि तू सरळ खाली फरशीवर बसलीस. ती बिचारी गडबडली, चटई आणायला धावली. तू म्हणालीस, "राहू दे, अशीच बरी वाटते." मग तिने आपलं पोट सावरत तुझ्यासमोर खाली बसून चहा दिला. तुझ्या घरात तू पाहुणी आणि ती यजमानीण. तिने तुला सगळं घर दाखवलं, इथे पाळणा बांधणार, इथे अजिंक्यचं टेबल. तू प्रत्येक ठिकाणी "छान" म्हणालीस. बाहेर आल्यावर गडग्यापाशी तू माझा हात धरलास. मला वाटलं, आता बोलशील. तू म्हणालीस, "सांधे चांगले भरलेत केरूने."

आणि मग स्टँडवर बस लागली, तू पायरीवर पाय ठेवलास, तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "मथुरा, राहतेस का?" सगळ्या लोकांत, मोठ्याने. मला माझा आवाज कळत नाही, कंडक्टरनेही वळून बघितलं. तू म्हणालीस, "बस सुटेल, बाई." आणि आत जाऊन पलीकडच्या बाजूला बसलीस. माझ्या बाजूला खिडकी रिकामी होती, तरी पलीकडे.

मी रागावले नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही तिकडेच बसले असते.

वैष्णवी बाळंतपणाला पालीला गेली. अजिंक्य सकाळी जातो तो उशिरा येतो, कधी तिकडेच राहतो. शेजारी परत काळोख आहे. पण त्याचं मला आता फारसं वाटत नाही. मला तू सांगितलेल्या त्या कडीचं वाटतं. मी या घरात जन्मले, मला कधी कडीचा विचार करावा लागला नाही, म्हणून मी तुला माझ्या घरात ये म्हटलं. तुला तुझ्या घरात ये म्हणायला हवं होतं. ते आज म्हणते.

करार अकरा महिन्यांचा आहे, एप्रिलला संपतो. पुढचं तू ठरव. मी दर्शनला काही सांगणार नाही, ते तुझं तूच सांग. नाही सांगितलंस तर मी पुन्हा विचारणार नाही.

कमळा

—

बदलापूर,
८ ऑक्टोबर २०२५

बाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते उशीखाली ठेवलं आणि दसऱ्यापर्यंत थांबले. दसऱ्याला सगळे घरी होते. जेवणं झाल्यावर राहीने टीव्ही लावला, तो मी बंद केला. तिघंही माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "दर्शन, एप्रिलला मी रत्नागिरीला राहायला जाते."

तो म्हणाला, "किती दिवस?"

मी म्हटलं, "राहायलाच."

मग जे व्हायचं ते झालं. तो म्हणाला, "इथे तुला काय कमी आहे?" श्रद्धा आत गेली. तिला वाटलं, मी तिच्याविषयी तक्रार करते आहे. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "तुझं काही चुकलेलं नाही. मला माझ्या घरात चूल मांडायची आहे, एवढंच." ती भांडी घासत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "परत पडलात तर?" मी म्हटलं, "ती फरशी घसरत नाही, आणि शेजारी बाई आहेत." तर म्हणाली, "त्यांना ऐकू कुठे येतं?" आणि एकदम दोघींना हसू आलं. नंतर ती रडली. मी नाही रडले.

दर्शन चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. काल ऑफिसातून आला, बूट न काढता माझ्यापाशी बसला आणि म्हणाला, "तू आधी का नाही बोललीस? आपण भाड्याने दिलंच नसतं." मी म्हटलं, "तू विचारलंस ते फरशी कुठली घालायची, एवढंच." गेली काही वर्षं तो असा माझ्या शेजारी बसलाच नव्हता. मला त्याचे पिकलेले केस दिसले. त्याला सोडून जायचं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

मी त्याला विचारलं नाही, सांगितलं. तो पुढे मन वळवायला बघेल, राहीची परीक्षा म्हणेल, माझ्या हाताचं म्हणेल. कदाचित एप्रिलला माझीच हिंमत होणार नाही. तेव्हा मला तुमचं पत्र पाठवा, मी वाचेन.

वैष्णवीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे. तिला आत्ताच जागेचं काही बोलू नका. बाळ जरा बाळसं धरू दे, मग अजिंक्यशी सावकाश बोला आणि तुमच्या ओळखीने जवळपास त्यांना चांगलं घर बघून द्या. त्यांना मिळाल्याशिवाय मी येणार नाही. एप्रिलऐवजी मे झाला, जून झाला तरी चालेल.

तोवर मी इथेच आहे.

तुमची
मथुरा